उजवा खुबा

चाळीस मुलींनी एका सुरात दिलेलं उत्तर चुकलं, यात खरं म्हणजे विशेष काही नव्हतं. नर्सिंगच्या पहिल्या वर्षाच्या मुली रोज सकाळी नऊ ते दहा एका सुरात काहीतरी चुकीचं बोलत असतातच आणि क्षमा सिस्टर न कंटाळता ते दुरुस्त करत असतात. पण त्या गुरुवारी सगळ्यांत मोठा आवाज आम्रपालीचा होता. हे एक उत्तर तिला पुस्तक न उघडता येत होतं. फळ्यावर सिस्टरांनी एक पाठमोरा माणूस काढला होता. डावा पाय टेकलेला, उजवा उचललेला, आणि उजव्या बाजूची कंबर खाली घसरलेली. "असा माणूस दिसला तर दुखणं कुठल्या खुब्यात?" त्यांनी विचारलं. "उजव्या," वर्ग म्हणाला. आम्रपालीही म्हणाली, जरा आधी आणि जरा जास्तच जोरात, कारण फळ्यावरचा तो माणूस म्हणजे तीच होती. मागून बघितलं तर ती चालताना अशीच दिसते, हे तिला गेली सोळा वर्षं कुणी ना कुणी सांगत आलं होतं. "डाव्या," सिस्टर म्हणाल्या आणि त्यांनी खडू डाव्या खुब्यावर टेकवला.

"कमरेवर हात ठेवून भांडता ना हॉस्टेलात? तेव्हा हाताखाली जे हाड लागतं, तिथून हा स्नायू सुरू होतो," सिस्टर सांगत होत्या. "वर पंख्यासारखा पसरलेला, खाली निमुळता होत मांडीच्या हाडाच्या बाहेरच्या उंचवट्याला धरलेला. नाव ग्लुटिअस मीडिअस. तुम्ही एक पाय उचलला की त्या बाजूची कंबर खाली पडायला बघते. तिला पडू देत नाही, तो हा. पण कुठल्या बाजूचा? टेकलेल्या पायाच्या बाजूचा. तागडीचं एक पारडं दाबून धरलं की दुसरं वर राहतं, तसं. दाबणारा ढिला पडला की पलीकडचं खाली येतं. म्हणजे जी बाजू पडते ती धडधाकट असते, मुलींनो. बिघडलेला असतो तो तिला धरणारा." मग त्यांनी इंजेक्शनचं पुन्हा एकदा सांगितलं. कुल्ल्याचे मनातल्या मनात चार भाग कसे करायचे, सुई कुठं द्यायची, कुठं चुकूनही द्यायची नाही, लहान लेकराला भलत्या जागी खुपसली तर शीर कशी दुखावते आणि मग हा स्नायू कसा झोपून जातो. मुली लिहून घेत होत्या. आम्रपालीचं पेन थांबलं होतं. तिचे दोन्ही हात बाकाखाली, दोन्ही खुब्यांवर होते, आणि उजव्या तळव्याला साडीखालून ते तीन डाग लागत होते, जे तिथं असायचं काहीच कारण नव्हतं.

वर्ग सुटल्यावर ती वॉर्डाकडे निघाली. सांगलीतल्या त्या इस्पितळाचा व्हरांडा लांबलचक, फरशी काळी आणि रोज पुसून गुळगुळीत झालेली. या व्हरांड्यातून ती सहा महिने चालत होती आणि चालताना एकच गोष्ट करत होती: उजवी बाजू सांभाळत होती. आज तिनं पहिल्यांदा डावीकडे लक्ष दिलं. डावा पाय टेकला की आत, कमरेच्या हाडाखाली, काहीतरी यायला हवं होतं ते येत नव्हतं. हाक मारावी आणि घरात कुणी नसावं, तसं. आणि त्या न येण्यापायी बिचारी उजवी बाजू खाली जात होती आणि सगळ्या गावाची बोलणी खात होती. तिला हसू आलं आणि लगेच इतका राग आला की ती तिथंच खांबाला धरून उभी राहिली. राग कुणाचा, ते तिला कळेना. सुई देणाऱ्याचा म्हणावा तर तो माणूस तिला आठवतही नव्हता. ती तीन वर्षांची होती, अंगात ताप होता, बाजारच्या दिवशी पेटी घेऊन बसणारा कुणी कंपाउंडर होता आणि आईनं तिला मांडीवर पालथं धरलं होतं, एवढं सगळं ऐकीव. सुई डावीकडे दिली होती हेही ऐकीवच, आणि ते सांगणारी एकटी आई. लक्ष्मीबाई हे सोळा वर्षं सांगत होती. सांगितलं की सगळे विचारायचे, मग पोरगी उजवीकडं कशी झुकती? आई आपली "मला काय म्हाईत. सुई हिकडं दिलती, एवढं मी बगितलंय," म्हणायची आणि डाव्या कुल्ल्यावर चापट मारून दाखवायची. मग कुणीतरी म्हणायचं, तुला डावं-उजवं कुठं कळतंय लक्षुमे. आईही मग हसायची. तिचं ते हसणं आम्रपालीला आता फार टोचलं, कारण त्या हसणाऱ्यांत ती स्वतःही असायची.

आणि आबा, तिचे वडील. आबा पलटणीतून नायक म्हणून निवृत्त होऊन वडूजकडच्या त्यांच्या गावी परत आले तेव्हा आम्रपाली सात वर्षांची होती. आल्या आल्या त्यांना कळलं की आपण सरहद्दीवर असताना आपल्या बहिणीनं, तानुबाईनं, पोरीला औंधच्या बाजूला कुणा म्हाताऱ्याकडे नेऊन तापल्या सळईचे तीन डाग दिले. उजव्या खुब्यावर, कारण खाली पडायचा तोच. आबांनी त्या दिवशी ओसरीवर उभं राहून बहिणीला जे सुनावलं ते आळीनं ऐकलं. छप्पन साली आपल्या बापानं दीक्षा घेतली ती काय पोरांना डाग द्यायला घेतली का, हे एकच वाक्य त्यांनी इतक्या तऱ्हांनी म्हटलं की आम्रपालीला ते धड्यासारखं पाठ झालं. तानुआत्या रडली, पुन्हा असं करायची न्हाई म्हणाली. मग आबांनी आपला इलाज काढला. फौजेतला. "जो कमजोर हाय, उसको जादा ड्यूटी," ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी उजाडायला त्यांनी तिला अंगणात उभं केलं. "सावधान. डावा पाय वर. उजव्यावर उभं ऱ्हायचं. शंभर." आणि ते मोजायला लागले. त्या दिवसापासून दहावी होईपर्यंत, ऊन असो, थंडी असो, परीक्षा असो, ती रोज सकाळी उजव्या पायावर शंभर अंक उभी राहिली. पहिल्याच दिवशी ती शंभरपर्यंत न हलता उभी होती. आबांना ते फार आवडलं. "बगा, जिद हाय पोरीत," ते आईला म्हणाले. दुबळा म्हटलेला पाय पहिल्याच दिवशी शंभर अंक कसा टिकला, हा प्रश्न आबांना पडला नाही, तिलाही पडला नाही. आई मात्र चुलीपुढून म्हणाली होती, "आन् त्यो दुसरा?" आबा म्हणाले, त्यो चांगला हाय, त्याला कशाला तरास.

चांगला. आम्रपालीनं खांब सोडला. शाळेत पोरी लंगडी खेळायच्या तेव्हा आधी तिला घ्यायच्याच नाहीत, लंगडीनं काय लंगडी घालायची म्हणून. मग एकदा गडी कमी पडला आणि घेतली, तर उजव्या पायावर तिनं सगळ्यांना बाद केलं, एकीलाही सोडलं नाही. त्या दिवशी शाळेतनं घरी येताना तिला वाटलं होतं, आबांच्या शंभरांनी ही करामत केली. साऱ्या पोरींनी डोळ्यांनी बघितलं की हिचा आजारी पाय सगळ्यांच्या पायापेक्षा खमका आहे, आणि एकीच्याही तोंडून, मास्तरांच्याही तोंडून, असं कसं म्हणून निघालं नाही. माणसं जिकडं पडझड दिसते तिकडंच बघतात आणि तिथंच डाग देतात. हा विचार तिच्या डोक्यात इतका स्पष्ट आला की तिला वाटलं कुणी शेजारून बोललं. ती वॉर्डात गेली आणि तिनं इंजेक्शनचा ट्रे उचलला. त्या दिवशी तिनं तीन जणांना इंजेक्शन दिलं आणि प्रत्येकाचे चार भाग करताना तिची बोटं नेहमीपेक्षा जास्त वेळ थांबली. तिसरी म्हातारी वैतागून म्हणाली, "आवं बाई, माप घेताय का काय?"

हे सगळं एरवी तिनं मनातच ठेवलं असतं. पण तपासणीचा सोमवार जवळ आला होता. महिनाभरापूर्वी एका पेशंटच्या नातेवाइकानं मेट्रनकडे तक्रार केली होती की ही लचकत चालणारी पोरगी आमच्या माणसाला बाथरूमला नेते, दोघं एकदम पडली तर जबाबदार कोण? पडलं कुणीच नव्हतं. पण मेट्रननं नियम काढला. सहा महिन्यांनी आरोग्य तपासणी असतेच, ती या वेळी नीट करायची, आणि ज्या मुली अंगानं ड्यूटीला टिकणार नाहीत त्यांना घरी पाठवायचं. "ज्या मुली" असं नोटिशीत लिहिलं होतं. ती मुलगी एकच होती हे झाडूवालीलाही माहीत होतं. घरी म्हणजे वडूजकडे, म्हणजे दोन एकर कोरडवाहू आणि येईल त्या स्थळाला लचक लपवून स्वतःला दाखवायचं. तिला नर्स व्हायचं होतं, दुसरं काहीही व्हायचं नव्हतं. तिच्या फायलीत प्रवेशाच्या वेळी जोडलेला एक दाखला होता, गावाकडच्या डॉक्टरांचा: उजवा खुबा किंचित कमजोर.

"मग तुझं कामच झालं की," अक्षता म्हणाली. अक्षता खोलीतली सोबतीण, रहिमतपूरची, हिशेबी डोक्याची आणि मनानं चांगली. संध्याकाळी दोघी गच्चीवर वाळलेल्या साड्या काढत होत्या. "डॉक्टरसाहेब दाखला वाचणार, म्हणणार उजव्यावर उभी राहा. तू राहणार. तुझा उजवा म्हणजे काय, बाभळीचा सोट हाय. ते सही करणार. गप्प बसायचं. त्यांची चूक, तुझा फायदा." आम्रपाली म्हणाली, "व्हय," आणि साडीची घडी घालत राहिली. मग तिनं साडी कठड्यावर ठेवली आणि उजवा पाय उचलला. डाव्यावर उभी राहिली. आयुष्यात पहिल्यांदा, मुद्दाम. कंबर लगेच उजवीकडे खाली गेली आणि डाव्या खुब्यात, आत, एक बारीक आग सुरू झाली. अकरा मोजले आणि पाय टेकला. "बगितलंस?" ती म्हणाली. अक्षतानं बघितलं होतं. "कशाला छळतीस स्वतःला," ती म्हणाली. पण आम्रपालीला त्या आगीचं विलक्षण वाटत होतं. तिथं जळत होतं म्हणजे तिथं कुणीतरी होतं. सगळं घर रिकामं नव्हतं. शुक्रवारी सकाळी नळावर पाण्याची वाट बघत तिनं सतरा मोजले, शनिवारी चोवीस. आणि मोजता मोजता तिला आबांचा इतका राग येऊ लागला की डोळे भरून यायचे. नऊ वर्षं. रोज शंभर. त्यातले निम्मे जरी इकडं दिले असते. कदाचित काहीच झालं नसतं, हेही तिला कळत होतं. शीर मेली तर मेली. पण बघायला तरी हवं होतं एकदा. चुलीपुढून एक बाई विचारत होती, आन् त्यो दुसरा, तर मान वळवून तिच्याकडे बघायला हवं होतं.

सोमवारी सकाळच्या एसटीनं आबा आले. त्यांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता, पायांत जुने फौजी बूट, हातात फडक्यात बांधलेल्या भाकऱ्या. तपासणीच्या खोलीबाहेरच्या बाकावर ते ताठ बसले. "घाबरायचं न्हाई. एकदम सीधा. आपली प्रॅक्टिस हाय," ते म्हणाले. मग हसत हसत म्हणाले, "तुजी आई म्हणत हुती, डाक्टरला सांग म्हणावं सुई डावीकडं दिलती. निघताना बी तेच. मी म्हणलं, बरं बाई, सांगतो." ते तिच्या हसण्याची वाट बघत राहिले. ती हसली नाही. भाकऱ्यांचं फडकं तिनं त्यांच्या हातातून घेऊन बाकावर नीट ठेवलं. तिला तेव्हाच सांगून टाकता आलं असतं. पण आतून नाव पुकारलं.

खोलीत डॉक्टर शरच्चंद्र होते, छातीच्या रोगांचे, वयस्क, सभ्य आणि घाईत. शेजारी मेट्रन फाईल उघडून उभी. साहेबांनी दाखला वाचला, चष्म्यावरून तिच्याकडे बघितलं. "उजवा का? बरं. उजव्यावर उभी राहा बाळ, जमेल तितकं." आम्रपालीनं डावा पाय उचलला. खोलीतलं काहीच हललं नाही, तीही नाही. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा फिरत होता. तिच्या आत आबांचा आवाज आपोआप मोजत होता आणि चाळीसला साहेब म्हणाले, "अरे वा. हिला काय झालंय? पुरे, पुरे." त्यांनी पेनाचं टोपण काढलं. बस, एवढंच होतं. आता गप्प बसायचं, बाहेर जायचं, भाकरी खायची. सोळा वर्षं चुकीच्या बाजूला बघणाऱ्यांत आणखी एका सहीची भर, आणि या वेळी फायद्याची. तिला वाटलं, मी आता गप्प बसले तर मीही लक्षुमेला हसणाऱ्यांतली. आणि ती उजवी बाजू, जिनं कधी काही केलं नाही, ती जन्मभर कागदावर कमजोर म्हणून राहणार.

"साहेब, दाखला चुकलाय," ती म्हणाली. मेट्रननं मान वर केली. "कमजोर डावा आहे. तीन वर्षांची असताना डावीकडं इंजेक्शन चुकलं. डाव्यावर उभी राहिले की उजवी कंबर पडते, म्हणून सगळ्यांना उजवा वाटतो. बघा." आणि तिनं उजवा पाय उचलला. कंबर पडली. पडायचीच होती. मेट्रनच्या तोंडून "अगंबाई" निघालं. साहेबांनी पेन खाली ठेवलं, खुर्ची मागे सारून ते तिच्या पाठीमागे जाऊन उभे राहिले आणि कमरेची रेघ निरखू लागले. वीस. आग सुरू झाली होती. "खरं आहे," ते मागून म्हणाले, जरासे ओशाळून. "मला दिसायला हवं होतं. पण बाळ, मग हा दोष आहे ना? तू स्वतःच दाखवते आहेस." "दोष आहे," ती म्हणाली. आवाज कापत होता तो पायामुळे. "दोषासकट सहा महिने ड्यूटी केली. मेल मेडिकल, फीमेल सर्जिकल, दोन्ही. मी कुणाला पाडलं का ते फाईलीत बघा. नुसती तक्रार बघू नका, पडलेला माणूस बघा." मेट्रन फाईलकडे बघत राहिली, तिनं पान उलटलं नाही. चाळीस. "टेक पाय," साहेब म्हणाले. तिनं टेकला नाही. मांडी थरथरत होती, घाम पाठीतून उतरत होता, आणि डाव्या हाडाखाली ते जे कुणी होतं ते धडपडत, शिव्या देत, पण उठलं होतं. अट्ठावन्नला तिचा तोल गेला. टेबलाची कड धरून ती सरळ झाली. "अट्ठावन्न," ती म्हणाली. "गुरुवारी अकरा होते. परत कधी बघायचं ते सांगा, मी येईन. पण घरी पाठवायचं असेल तर खऱ्या कारणावर पाठवा, या कागदावर नको."

साहेब खुर्चीत बसले. त्यांनी दाखल्यावरच्या "उजवा" या शब्दावर आडवी रेघ मारली, वर "डावा" लिहिलं आणि खाली दोन ओळी खरडल्या. मेट्रन काहीतरी बोलायला गेली तर ते म्हणाले, "मेट्रन, हिनं आत्ता जे केलं ते माझ्या हाताखालच्या हाउसमन डॉक्टरला जमलं नसतं. ड्यूटी चालू राहू दे. आणि बाळ, तू सहा महिन्यांनी मला दाखव." "दाखवीन," आम्रपाली म्हणाली. तिनं कागद मागून घेतला, त्यांच्यासमोरच पूर्ण वाचला आणि मग परत दिला.

बाहेर आबा उभेच होते. "किती उभी ऱ्हायलीस?" त्यांनी विचारलं. "उजव्यावर चाळीस. डाव्यावर अट्ठावन्न." "डाव्यावर कशापायी?" मग तिनं सांगितलं. क्षमा सिस्टरांचा खडू, तागडी, धरणारा आणि पडणारा, सगळं, हळू न बोलता, काही न वगळता. त्यांचा चेहरा बघून तिला थांबावंसं वाटलं तेव्हाही ती थांबली नाही. आबा बाकावर बसले. "म्हंजी ती नऊ वर्सं," ते म्हणाले. तिचा राग तिथंच होता, पण त्याच्या शेजारी दुसरंही काही येऊन बसलं होतं. अंधूक उजेडात अंगणात उभा राहून पोरीसाठी शंभर मोजणारा माणूस गावात दुसरा कुणी नव्हता. "तुजी आई म्हणत हुती," आबा शेवटी म्हणाले. "म्हणत हुती," आम्रपाली म्हणाली. "उद्यापासनं डावा, आबा. हिकडं मी मोजीन माजं मी. पर तुमाला एक काम हाय. घरी गेल्यावर चुलीम्होरं जायचं आन् तिला म्हणायचं, लक्षुमी, तुजं बरूबर हुतं. सगळ्या आळीला ऐकू गेलं पायजे. तानुआत्याला सुनावलं हुतं तसं." आबांनी मान हलवली. "म्हणीन की." "न्हाई. आत्ता म्हणून दाखवा," ती म्हणाली. व्हरांड्यातनं माणसं जात-येत होती. आबांनी इकडंतिकडं बघितलं, मग ते उठले, बूट जुळवले आणि शर्ट खाली ओढला.

"लक्षुमी, तुजं बरूबर हुतं," ते म्हणाले.

"एक," आम्रपाली म्हणाली.